सीट नंबर दुसऱ्याचा

त्या दिवशीच्या टपालात एका खात्याकडून आलेला जाड लिफाफा होता. आत 41 जणांची यादी, प्रत्येकाच्या पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि वर दोन ओळींचं पत्र: सोबतच्या प्रमाणपत्रांची सत्यता पडताळून कळवावे. अशी पत्रं आमच्या विभागात रोज यायची. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पडताळणीच्या टेबलावर मी 21 वर्षं काम केलं. त्यामुळे हा लिफाफा फोडताना मला वेगळं काही वाटलं नव्हतं.

यादीत सतरावं नाव त्या खात्याच्या विभागप्रमुखांचं होतं. हे मात्र मी थांबून वाचलं, कारण साहेबांचं नाव यादीत कधी नसायचं. शिपाई, लिपिक, नवीन लागलेले कनिष्ठ अभियंते यांची प्रमाणपत्रं यायची. पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या, खुर्चीवर बसलेल्या माणसाचं प्रमाणपत्र कोणी पुन्हा तपासायला पाठवत नाही.

पडताळणी म्हणजे काय, ते आधी सांगते. बऱ्याच जणांना वाटतं की आम्ही भिंग घेऊन शिक्का बघतो. शिक्का सगळ्यात शेवटी. आधी सीट नंबर, वर्ष आणि सत्र बघून रेकॉर्ड रूममधून टी. आर. काढायचा. टी. आर. म्हणजे टॅब्युलेशन रजिस्टर. त्यात त्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाचे विषयवार गुण, एकूण, वर्ग आणि निकाल एका ओळीत असतात, आणि पानाखाली ते तयार करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही असते. जुने टी. आर. एवढे जड असतात की एकट्याने उचलता येत नाहीत. आमच्याकडे दोघांनी मिळून बघायची पद्धत होती. एकाने प्रमाणपत्रावरचं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने रजिस्टरवर बोट ठेवून 'हो' म्हणायचं. एकट्याचे डोळे कागदावर जे अपेक्षित असतं तेच वाचतात, हे मला अनुभवाने पटलं आहे.

सतराव्या नावाला मी वाचत होते आणि रेकॉर्डचे काका रजिस्टरवर होते. मी सीट नंबर वाचला, काका 'हो' म्हणाले. मी नाव वाचलं, आणि काका गप्प. मी पुन्हा वाचलं. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. त्या सीट नंबरासमोर एका मुलीचं नाव होतं. आधी 'कु.', मग आडनाव, नाव, वडिलांचं नाव. निकाल: उत्तीर्ण, द्वितीय वर्ग.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं की टायपिंगची चूक असेल. एखादा आकडा मागेपुढे होतो. म्हणून शेजारचे नंबर पाहिले, मग अख्खं केंद्र, मग त्याच्या आधीचं आणि नंतरचं सत्र. साहेबांचं नाव कुठेच नव्हतं. मग प्रमाणपत्राची झेरॉक्स नीट बघितली. खाली कुलगुरूंची सही होती, आणि ज्या तारखेचा तो कागद होता त्या तारखेला ते कुलगुरू रुजूच झाले नव्हते. ते आठ महिन्यांनी आले. बनवणाऱ्याने समोर दुसऱ्या कोणाचं तरी, एक वर्ष पुढचं, खरं प्रमाणपत्र ठेवलं असणार आणि तारीख मागे नेताना सही बदलायचं राहिलं असणार.

या माणसाची नोकरी तेव्हा 14 वर्षांची होती. नोकरीला लागताना पडताळणी होतेच, मग ती कशी चुकली? त्या खात्याने आम्हाला जुन्या पत्राची प्रत पाठवली. आमच्याच विद्यापीठाच्या लेटरहेडवर, 'प्रमाणपत्र सत्य आहे' असं उत्तर. त्यावर जावक क्रमांक होता. मी त्या वर्षाची जावक नोंदवही काढली. त्या क्रमांकाने त्या दिवशी कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या पुरवठ्याबद्दलचं पत्र गेलं होतं. म्हणजे खोट्या प्रमाणपत्राच्या पाठोपाठ खोटं पडताळणीपत्रही तयार झालं होतं, आणि ते टपालाने न येता 'हस्ते' आलं होतं. कोणाच्या हस्ते, ते त्या खात्याच्या आवक नोंदवहीत लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक कार्यालयाला एकच सांगत आले: उमेदवाराने स्वतः आणून दिलेलं पडताळणीचं उत्तर घेऊ नका, आणि आमचा पत्ता उमेदवाराने दिलेल्या कागदावरून उतरवून घेऊ नका.

आणि हे 14 वर्षांनी बाहेर आलं ते कसं? कोणी तक्रार केली नव्हती. त्या कार्यालयात एक मुलगी नवीन लागली होती. सगळ्यांची सेवापुस्तकं संगणकावर चढवायचं काम तिला दिलं होतं, आणि ज्यांच्या फाइलला पडताळणीचं मूळ पत्र नाही, त्यांची प्रमाणपत्रं पुन्हा पाठवा अशी सूचना होती. साहेबांच्या फाइलमध्ये झेरॉक्स होती, मूळ पत्र नव्हतं. तिने सूचना वाचली आणि यादी केली. साहेबांना वगळायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनीही यादी न बघता कव्हरिंग लेटरवर सही केली होती. ती सही मी पाहिली आहे.

माझं सगळं म्हणणं या मुलीपाशी येऊन थांबतं. खोटी पदवी पकडणं अवघड नसतं. रजिस्टर असतं, नंबर असतो, दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात. अवघड असतं ते विचारणं. माणूस वर चढत जातो तसं त्याला विचारणारं कोणी उरत नाही. विभागप्रमुखाची पदवी तपासायला पाठवायची तर ती फाइल त्याच्याच हाताखालचा लिपिक तयार करणार आणि त्याच्याच सहीने ती बाहेर जाणार. मग कोण हात घालेल?

निवृत्त झाल्यापासून जगात कुठे असं प्रकरण निघालं की मी बारकाईने वाचते. आणि दर वेळी शोधते की पहिला प्रश्न कोणी विचारला. जपानमध्ये शिझुओका प्रांतात इतो नावाचं शहर आहे. तिथे मे 2025 मध्ये माकी ताकुबो महापौर म्हणून निवडून आल्या. तोयो विद्यापीठाच्या पदवीधर अशी त्यांची ओळख शहराच्या माहितीपत्रकातही छापली गेली. मग नगरसेवकांना एक निनावी पत्र आलं की त्या पदवीधर नाहीत, त्यांचं नाव विद्यापीठाच्या पटावरून काढलं होतं. ताकुबो यांनी सभागृहाच्या अध्यक्ष-उपाध्यक्षांना पदवी प्रमाणपत्र म्हणून एक कागद दाखवला, पण हातात दिला नाही. नुसता ओझरता दाखवला असा आरोप झाल्यावर त्यांनी सांगितलं की तो 19.2 सेकंद दाखवला होता. जुलैमध्ये त्यांनी मान्य केलं की विद्यापीठात जाऊन चौकशी केल्यावर नाव पटावरून काढल्याचं समजलं. पदवी न मिळालेल्याला आम्ही पदवी प्रमाणपत्र देत नाही, असं विद्यापीठाने कळवलं. पुढे पहिल्या अविश्वास ठरावानंतर सभागृह बरखास्त झालं, नवी निवडणूक झाली, आणि 31 ऑक्टोबर 2025 रोजी दुसऱ्यांदा अविश्वास ठराव मंजूर होऊन त्यांचं पद गेलं.

19.2 सेकंद हा आकडा वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. माझ्या टेबलासमोर उभं राहून कागदाचा कोपरा धरून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्याचा कागद खरा असतो तो फाइल टेबलावर ठेवतो आणि लांब बाकावर जाऊन बसतो. त्याला घाई असेल तर ती घरी जायची असते. दुसरा माणूस कागदावरचा हात काढत नाही.

दिल्लीचे तेव्हाचे कायदामंत्री जितेंद्रसिंग तोमर यांना जून 2015 मध्ये अटक झाली. त्यांच्या कायद्याच्या पदवीबद्दल बिहारमधल्या तिलका मांझी भागलपूर विद्यापीठाने दिल्ली उच्च न्यायालयाला कळवलं होतं की त्यांच्या प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवरचा क्रमांक आमच्या नोंदीत दुसऱ्याच व्यक्तीच्या नावावर आहे. तोमर यांनी आरोप नाकारले. जानेवारी 2020 मध्ये उच्च न्यायालयाने, शिक्षणाबद्दल खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून, त्यांची 2015 ची निवड रद्द ठरवली. या सगळ्यात माझं लक्ष त्या 'दुसऱ्या व्यक्ती'वर अडकलं. बातम्यांमध्ये तिच्याबद्दल काही नव्हतं. ती कोण, तिला हे कळलं का, तिला काही त्रास झाला का? का अडकलं, ते पुढे सांगते.

अमेरिकेत 2003 मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्यातल्या लॉरा कॅलहन या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पदव्या हॅमिल्टन युनिव्हर्सिटी नावाच्या संस्थेच्या निघाल्या. वायोमिंगमधल्या एका जुन्या मोटेलच्या इमारतीत चालणारी, मान्यता नसलेली ही संस्था होती. पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. 2004 मध्येच तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने शोध घेतला, तेव्हा मान्यता नसलेल्या फक्त तीन संस्थांच्या नोंदींमध्ये केंद्र सरकारचे 463 कर्मचारी सापडले. अशा वेळी आमची पद्धत अपुरी पडते. पत्र पाठवलं तर तिकडून 'हो, आमचाच विद्यार्थी' असं उत्तर येणार. खोटं प्रमाणपत्र नसतं, खोटी संस्था असते. 2015 मध्ये खोट्या पदव्या विकणाऱ्या कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट या कंपनीचं प्रकरण उघड झालं, तेव्हा तर कागदावरच्या विद्यापीठांची अशी मोठी यादीच समोर आली. म्हणून संस्थेची मान्यता आधी आणि नावाची नोंद नंतर, हा क्रम कधी उलटा करू नये.

'अटेस्टेड आहे ना, मग झालं' हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. परदेशी जाणाऱ्या कागदांवर अपॉस्टील नावाचा चौकोनी दाखला लागतो. 1961 च्या हेग करारातून आलेली ती पद्धत आहे. पण अपॉस्टील सांगतं एवढंच की खालची सही ज्या अधिकाऱ्याची म्हटली आहे त्याची आहे, त्याला ती करायचा अधिकार आहे आणि शिक्का खरा आहे. आतला मजकूर खरा की खोटा, हे ते सांगतच नाही. तरी लोक त्या चौकोनाकडे बघून निर्धास्त होतात.

आता त्या विभागप्रमुखांकडे परत येते. आमचा अहवाल जायच्या आधी दोन फोन आले. आमच्या वरिष्ठांनी मला बोलावलं. ते वाईट नव्हते, पण घाबरले होते. म्हणाले, "बाई, एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आहे. आपल्याच रेकॉर्डमध्ये काही राहिलं असेल. 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं कळवता येईल का?" मी म्हटलं, "सर, रेकॉर्ड उपलब्ध आहे. त्यात दुसऱ्याचं नाव आहे. 'उपलब्ध नाही' असं लिहिलं तर खोटं लिहिणारी मी होईन." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, मसुदा आणा." मी आणला. 'सदर आसन क्रमांकाची पदवी सदर नावाच्या व्यक्तीस या विद्यापीठाने प्रदान केलेली नाही.' त्यांनी एक शब्दही न बदलता सही केली. त्या सहीबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर आहे.

साहेबांना निलंबित केलं, गुन्हा दाखल झाला, मी कोर्टात रजिस्टर घेऊन साक्षीला गेले. त्या काळात त्यांच्या कार्यालयातले लोक मला भेटले की एकच म्हणायचे: "माणूस कामाला चोख होता हो. एका कागदासाठी आयुष्य गेलं."

हे मी झटकून टाकलं नाही. ते खरंच कामाला चोख असतील. पण त्याच टेबलावर बसून त्यांनी किती अर्ज परत पाठवले असतील, मूळ प्रत जोडली नाही म्हणून, साक्षांकित नाही म्हणून, मुदत संपली म्हणून? आणि 14 वर्षांपूर्वी त्या पदासाठी खरी पदवी घेऊन आलेला, निवड यादीत एकच क्रमांक मागे राहिलेला एक माणूस होता. मी त्याचं नाव कधी शोधलं नाही, माझ्या कामाचा तो भागही नव्हता. पण तो होता. 'एका कागदासाठी' म्हणणाऱ्यांना तो दिसत नाही, कारण तो त्यांच्या कार्यालयात कधी आलाच नाही.

पदवीचं हे एवढं ओझं आपणच लादलं आहे, हेही मला मान्य आहे. इतोचं महापौरपद मिळवायला पदवी लागत नाही. हंगेरीचं अध्यक्षपद मिळवायला डॉक्टरेट लागत नाही. तरी अध्यक्ष पाल श्मिट यांच्या 1992 च्या प्रबंधातला बराचसा मजकूर दुसऱ्यांचा असल्याचं ठरलं, बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठाने 29 मार्च 2012 रोजी डॉक्टरेट काढून घेतली आणि 2 एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. हा माणूस तलवारबाजीत दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला. नावामागे आणखी काही लावायची त्यांना काय गरज होती, हे मला अजून उमगलेलं नाही. पाकिस्तानात 2002 मध्ये कायदेमंडळात जायला पदवी सक्तीची केली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, पण तोवर खोट्या पदव्या घेऊन निवडून आलेले लोक आत पोचले होते. 2010 मध्ये तपासणी सुरू झाल्यावर बलुचिस्तानचे मुख्यमंत्री अस्लम रईसानी म्हणाले की पदवी ती पदवीच, खरी असो की खोटी. लोक हसले. मला हसू आलं नाही. अट चुकीची असेल तर ती अट काढण्यासाठी भांडायला हवं. पदवीशिवाय उत्तम काम करणाऱ्यांना मान द्यायला हवा. पण खोटी पदवी घेऊन आत शिरणारा त्या अटीला विरोध करत नसतो. बाहेर अडलेल्यांना ती अट तशीच लागू राहावी, अशीच त्याची सोय असते.

जर्मनीच्या शिक्षणमंत्री अ‍ॅनेट शावान यांची डॉक्टरेट ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने 5 फेब्रुवारी 2013 रोजी रद्द केली. 9 तारखेला त्यांनी पद सोडलं. प्रबंध 1980 चा होता. तीसहून अधिक वर्षं तो ग्रंथालयात होता, कोणीही उघडून बघू शकलं असतं. शेवटी उघडला तो इंटरनेटवर निनावी लिहिणाऱ्या एकाने. हा प्रकार वेगळा आहे हे मी जाणते. प्रबंध त्यांनी लिहिला होता, परीक्षकांनी वाचला होता, पदवी विद्यापीठानेच दिली होती. बनावट कागदाच्या पंगतीला मी तो बसवणार नाही. पण पहिला प्रश्न इथेही बाहेरच्यानेच विचारला.

त्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. जिचा सीट नंबर होता, ती.

साक्ष होऊन काही महिने झाले होते. दुपारी एक बाई आमच्या खिडकीशी आल्या. चाळिशीच्या आसपासच्या. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि मी उठून उभी राहिले. ते नाव मी रजिस्टरमध्ये इतक्यांदा वाचलं होतं की मला त्यांचे सहा विषयांचे गुण पाठ होते. पोलिसांनी त्यांना दोनदा बोलावलं होतं. तुमचा नंबर त्यांच्याकडे कसा गेला, तुम्ही प्रमाणपत्र कोणाला दिलं होतं का, पैसे घेतले होते का. त्या एका संस्थेत नोकरीला होत्या. एकाच नंबरावर दोन पदव्या आहेत असं तिथे कुणीतरी ऐकलं आणि त्यांचं कायम होणं थांबवून ठेवलं. साहेबांना त्या ओळखतही नव्हत्या. नंबर कसा गेला असेल, हे त्यांना अजून माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. निकालाच्या छापील यादीतून कोणीही उचलू शकतं.

त्या म्हणाल्या, "मॅडम, मी पास झाले होते ना?"

मी त्यांना आत बोलावलं. बाहेरच्या माणसाला टी. आर. दाखवायचा नसतो, हा नियम मी 21 वर्षांत एकदाच मोडला. रेकॉर्डच्या काकांनी न बोलता रजिस्टर आणून टेबलावर उघडलं. बाईंनी आपल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक आकडा मनात वाचला. मग त्यांच्यासाठी पत्र तयार केलं: सदर आसन क्रमांक याच व्यक्तीचा असून या क्रमांकावर अन्य कोणासही पदवी प्रदान केलेली नाही. जावक क्रमांक घातला, गोल शिक्का मारला.

त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं. मग विचारलं, "याच्या दोन प्रती मिळतील? एक त्यांना देईन. एक माझ्याजवळ राहू दे."

मी चार दिल्या.